पेवाचं तोंड

नेमका कुठल्या सौद्यात आवाज गेला
ते सांगता येत नाही.
सांगलीच्या यार्डात राजापुरीचे ढीग पडलेले,
अडत्यांची बोटं पिवळी,
आणि मी चौदा हजार चारशेवर होतो.
साडेचारशे म्हणायला गेलो
तर निघालं ते गंजकी कडी ओढावी
तसलं काहीतरी.
लोक हसले. मीही हसलो.
खाकरलो, पुढचा ढीग पुकारला.

मग खाकरणंच राहिलं.
घशात हळकुंडाची चोच अडकलीय,
गिळवत नाही, थुंकवत नाही.
रत्नप्रभा म्हणायची, फोनवर आधी तुमचं खाकरणं येतं,
मागून तुम्ही.

हळदीच्या पेठेत घसा बसला
तर औषध सांगायला कोण चुकतंय?
हमालांनी सांगितलं, तोलाईवाल्यानं सांगितलं,
चहाच्या पोरानंसुद्धा :
झोपताना हळद-दूध.
रोज पेलाभर प्यायलो आणि आडवा झालो.
सकाळी आवाज आणखी खाली.
ज्या मालाला तीस वर्षं भाव दिला
त्यानं ओळख दाखवली नाही.

मिरजेला मुजावर डॉक्टरीणबाईंनी
नाकातून बारीक नळी सोडली.
म्हणाल्या, ‘ई म्हणा.’
भर बाजारात पुकारणारा माणूस मी,
मांडीवर मुठी आवळून ई म्हणालो.
पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या थरथरल्या.
त्यांच्या मागची बाजू लाल, फुगलेली,
ओल धरलेल्या भिंतीचा रंग फुगतो तशी.

‘गाठ?’
‘नाही.’
‘मग?’
‘पोटातलं आम्ल वर येतंय, मगदूम. तुम्ही झोपता तेव्हा.’
‘पण छातीत जळजळ नाही मला.’
‘सगळ्यांना होत नाही.
पोट निबर असतं, घसा नसतो.
त्याला थेंबभर पुरतं.’

वडील हरिपूरला पेवं भरायचे.
जमिनीच्या पोटात हळद, तोंड मातीनं लिंपलेलं.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी कंदील सोडायचा,
विझला तर बाजूला बसून राहायचं.
घाई केलेले दोन गडी त्यांनी दोरानं वर ओढले होते.
त्यातला एकच पुढं बोलला.

म्हणजे माझ्या पेवाचं तोंड सैल झालंय, इतकंच.
आतली वाफ रात्री वर येते
आणि नेमका दारातच
माझा धंदा मांडलेला.

झोपायच्या तीन तास आधी जेवण.
लसणीची चटणी बंद, चहा दोनदाच.
खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा.
कुजबुजायचंही नाही, त्यानं पट्ट्या जास्त ताणतात.
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

आई दिवस मावळायच्या आत जेवायची.
मी हिशेब मिटवून अकराला आमटी ओरपायचो.
तिनं धर्म म्हणून सांगितलं, ऐकलं नाही.
बाईंनी आठशे रुपये घेऊन सांगितलं, ऐकलं.

विटा आणल्या शेजारच्या बांधकामावरून.
रत्नप्रभा रात्रभर पायथ्याकडं घसरते.
म्हणते, डोंगरावर नांदायला आल्यागत झालंय.

चार महिने झाले. आवाज आलाय,
पण घरात पुरेल एवढा. ढिगावर चढत नाही.
आता भाचा पुकारतो, सम्मेद.
आवाज चांगला आहे, घाई फार.
एकवार, दोनवार म्हणतो आणि तीनवारवर जाऊन पडतो.
मधे थांबायचं असतं रे,
त्या थांबण्यातच पैसा असतो,
हे सांगायला मी तोंड उघडतो,
घशाशी तीच चोच.

घोटभर पाणी पितो.
त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.
दोनवारला
दाबून धरतो.

तो थांबतो.
मागच्या रांगेतून कुणीतरी
पन्नास वाढवतं.