दुधाचे दात असेपर्यंत

दुर्वाला दोन वर्षं झाली. आठ दात खाली, आठ वर.
दादर दुधात आली की कणसात दाणे असतात, तसे.
अंगणवाडीतली इंदुबाई म्हणाली,
हे नको मोजू.
मोजायचे ते आत आहेत, हिरडीखाली, अंधारात.
त्यांचा रंग अजून ठरायचाय,
रोजच्या पेल्यागणिक ठरतोय.

कल्पेशचा ठरून गेला.
पुढचे चार आले तेव्हाच खडूसारखे पट्टे होते,
मग पट्ट्यांवर तपकिरी चढली.
गुरुजींनी वर्गात विचारलं, घासत नाहीस का रे?
त्याने चुलीतला कोळसा घेऊन इतकं घासलं
की हिरडी रक्ताळली. डाग जिथल्या तिथे.
तेव्हापासून हसताना हात तोंडावर नेतो.
मी शिकवलं नव्हतं.
पण मीही तशीच हसते.

पाणी गोड आहे आमचं. डाळ झटकन शिजते,
साबणाला फेस येतो. शंका कुणाला येणार?
केळीला पुरेना म्हणून बोअर
तीनशेचा सहाशे फुटांवर गेला,
आणि मी कल्पेशचं पाणी उकळत राहिले.
वीस वीस मिनिटं, चार पदरी फडक्यातून गाळून.
उकळून पाणी आटतं,
फ्लोराइड तेवढंच मागे राहतं.
हे आत्ता कळलं.
म्हणजे सरपण जाळून, फुंकणीने डोळे लाल करून
मी ते त्याला दाट करून पाजलं.

दगाजी मेकॅनिक पेटी घेऊन आला.
काचेच्या नळीत बोअरचं पाणी, वरून थेंब.
गुलाबी झालं, आणि बघता बघता पिवळं.
नाल्यापलीकडच्या जुन्या विहिरीचं मात्र
गुलाबीच राहिलं. त्याने दोनदा पाहिलं.
मग हापशाला लाल रंग मारला.
सासरे म्हणाले, "आम्हनं काय वाकडं व्हयनं?"
आणि उठताना एक हात गुडघ्यावर ठेवला,
दुसरा भिंतीवर.

सगळ्या घराला तिकडचं कसं पुरवू?
म्हणून एकच कळशी.
तिचं पिणं, तिची खिचडी, तिचं वरण.
अंघोळीला, धुण्याला बोअर चालतो.
बशीतला कोरा चहा बंद
(सासऱ्यांशी दोन दिवस अबोला).
आणि ती पेस्ट. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी येते,
हिला स्ट्रॉबेरी लागते, ही गिळून टाकते.
आता तांदळाच्या दाण्याएवढी,
आणि मग थुंकायचा खेळ:
केळीच्या बुंध्यापर्यंत कुणाचं पोचतं.
ही हनुवटीवरच थुंकते.

कळशी कल्पेश आणतो. नाला ओलांडून, रोज संध्याकाळी.
माझ्या नेलपॉलिशने त्याने तिच्यावर "दु" लिहिलंय,
उकार जरा मोठाच.

काल कळशी उतरवली, झाकण ठेवलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"माय, मन्हं ते व्हई गयं ना?"

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले,
भाकरी कडेला फाटली.
मग इंदुबाईच्या भिंतीवरचा तक्ता आठवला,
सगळ्यात मागे, सगळ्यात उशिरा येणारी,
जबड्यात जिचा अजून पत्ताही नाही.
"तुझी अक्कलदाढ यायचीय," मी म्हटलं.
"तिच्यासाठी पी."

"अक्कल?" म्हणाला. आणि हसला.
हात वर निघाला होता,
पण त्यात पेला होता, काठोकाठ.

आता उद्यापासून खेपा दोन.
नाल्याला पूर आला की काय करायचं,
ते अजून ठरलेलं नाही.