जनरेटर सुरू होईपर्यंत

सेतूबलच्या बंदरामागे मासे डबाबंद करण्याचा कारखाना आहे.
तिथे तिसऱ्या लाइनवर माझी जागा,
झाकणं दाबणाऱ्या यंत्रापासून दीड हातावर.
मिनिटाला दोनशे डबे.
एक डबा शिवी हासडून पुढे जातो,
मागचा त्याला उत्तर देतो.

पहिल्या आठवड्यात मी कापसाचे बोळे घातले,
मग मेणाचे,
मग कंपनीने दिलेले पिवळे, फोमचे,
पिळून आत सारायचे आणि फुगेपर्यंत थांबायचं.
काही उपयोग नाही.
आवाज कानांतून येतच नाही,
तो दाढांतून येतो, कोपरांतून येतो,
रबरी बुटांच्या तळव्यांतून वर चढतो,
आणि रात्री उशीवर डोकं टेकावं
तर माझ्याआधी तोच आडवा झालेला.

माझी आई याच लाइनवर होती.
घरी सूप वाढतानाही ती ओरडायची.
आम्हाला वाटायचं, रागावली आहे.

समोर झुल्मिरा. अकरा वर्षं.
मनगटावर दोन बोटं: किती वाजले.
हनुवटीखाली मूठ: फिर्मिनू येतोय, मान खाली घाल.
गालावर तळवा: काल डोळ्याला डोळा नाही.
बाकीचा सगळा संसार ओठांवरून.
आमच्या भाषेत 'पाव' आणि 'हात'
ओठांवर अगदी सारखे दिसतात,
त्यामुळे तिच्या नवऱ्याने त्या रात्री
पाव आणला की हात उगारला
हे मला दोन दिवसांनी कळलं.

फाटकाबाहेर ती डावीकडे बससाठी पळते,
मी उजवीकडे चढण चढते.
कान तेव्हाही वाजत असतात,
म्हणून नुसते हात हलवतो.
एवढ्या वर्षांत तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता.
मनातल्या मनात मीच तिला एक देऊन टाकला होता,
जाड, घोगरा, तिच्या खांद्यांना शोभेलसा.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी वीज गेली.
आमच्या हॉलला खिडक्या नाहीत.
पट्टा थोडा घसरत राहिला, एक डबा कलंडला,
आणि तो भिंतीपर्यंत घरंगळत गेलेला
आम्ही सगळ्यांनी ऐकला.
मग बर्फ. माशांच्या टोपल्यांखाली
तो थेंबाथेंबाने सुटत होता.
कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं.
छतावर काहीतरी खरडत चाललं होतं,
मला वेळ लागला ओळखायला:
समुद्रपक्ष्यांची पावलं, पत्र्यावर.
एवढी वर्षं ते आमच्या डोक्यावर चालत होते?

आणि झुल्मिराचं वाक्य अर्ध्यावर होतं,
छाती फोडून:
"म्हणून मी त्याला अजून सांगितलेलंच नाही!"

बारीक आवाज. मुलीचा. कडेला थोडा फाटलेला.

नव्वद जणींनी ऐकलं. कुणी ब्र काढला नाही.
मला वाटलं, आता ती जीभ चावेल.
पण ती थांबली नाही,
तिने आवाज खाली आणला.
हळू बोलणं! हे आम्हाला कधी परवडलंच नव्हतं.
मी यंत्राच्या निवत चाललेल्या पत्र्यावर
कोपरं टेकून पुढे वाकले.
अंधारात ओठ दिसत नव्हते,
सगळं कानांनीच घ्यावं लागलं,
ज्यांना मी कधीच कामातून गेलेले धरून चालले होते.
ती काय बोलली, ते इथे लिहिणार नाही.

फिर्मिनू टॉर्च घेऊन आला.
दारातच थबकला, उजेड जमिनीकडे वळवला,
आणि बूट वाजू नयेत म्हणून
एक पाय पुढे टाकलेला तसाच उभा राहिला.
त्या माणसाबद्दल यापूर्वी मी चांगलं काही बोललेले नाही.

मग मागच्या अंगणात जनरेटरने घसा खाकरला.
दिवे. पट्टा. दोनशे डबे.
झुल्मिराचे ओठ पुन्हा मोठे मोठे हलू लागले,
पाव म्हणत होती, की हात,
मी दोन्हीला मान डोलावली.