हितसंबंध नाही

कोर्टनाक्यावर टायपिस्ट विचारतो, "घर कुठे आहे?"
हॅलिफॅक्सला, मी सांगते.
तो स्पेलिंग मलाच विचारतो.
एल एक की दोन, इथे मी अडखळते.

तिच्या बँकेला लेखी हवंय
की ही रक्कम भेट आहे, उसनी नाही,
की मी ती परत मागणार नाही,
की त्या घरात माझा कोणताही
हक्क, अधिकार, हितसंबंध
आज नाही, पुढेही नसेल.
पाचशेच्या स्टॅम्पवर.

मुदतठेव मोडताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता,
"काकू, अकराच महिने राहिलेत."

तिकडच्या वकिलाने घराचा शोध घेतलाय.
एकोणीसशे एकतीसपासून पाच मालक,
पहिला बोटी बांधणारा सुतार,
मधे एक विधवा, गहाण सोडवायला
तिला सतरा वर्षं लागली.
स्थळाची माहिती सांगावी तसं
ऋजुता फोनवर वाचून दाखवते.
"बोजा नाही, आई. निर्वेध आहे."

निर्वेध.
माझ्या कपाटात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट,
पन्नास रुपयांचे पाच, नंबर सेहेचाळीस ते पन्नास.
मागे ह्यांचं नाव, त्यावर तिरकी रेघ, खाली माझं.
ती रेघ मारायला सेक्रेटरींनी आठ महिने घेतले.

नोटरी प्रधान चष्मा कपाळावर सरकवतात.
"वाचलंत?"
वाचलं. ते 'कोणतीही अपेक्षा न ठेवता'
तेवढं काढता येईल?
ते हसत नाहीत.
"बाई, ही कायद्यातली अपेक्षा. पैशापुरती."
शिक्का तांबडा, जरा वाकडा उमटतो.
शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घालतात.

कुरिअरवाल्याने वजन केलं:
चाळीस ग्रॅम.

आज रात्री साडेबारा. तिकडे दुपारचे चार.
किल्ल्यांचा फोटो येतो.
दोन पितळी. तिसरी बारीक, गंजलेली,
कशाची ते वकिलालाही सांगता आलं नाही.
टाकू नकोस, मी म्हणते,
कुठेतरी कुलूप असेल.

मग विचारते, दाराला उंबरठा आहे का गं?
"थांब, बघते."
फोन हातात धरूनच ती निघते.
पावलांखाली लाकूड वाजतं,
एक दार करकरतं, दुसरं नाही,
आणि मी दिवा न लावता
ऐकत बसते
एकेक खोली.