माप

फैजपूरच्या डेअरीवर पहाटे मी दूध मोजतो,
लिटर, डिग्री, फॅट. चुकत नाही सहसा.
रात्री पोरीचं मोजतो, वहीत लिहितो:
एक दहा. तीस मिली. जळजळ.
एक चाळीस. वीस. लालसर.
दोन पाच. नुसतीच बसली, पाय आवळून.

सारखी बाहेर जाते म्हणून
बाईंनी बाकावर उभं केलं होतं.
तेव्हापासून कुंजल पाण्याची बाटली
भरलेलीच घरी आणते.

जंतू सापडले नाहीत, तरी जंतूंचं औषध तीनदा झालं.
मग जळगावात सोनोग्राफीवाला
पडद्यापाशी थांबला, बोलला नाही.
‘गाठ’ हा शब्द आम्ही भुसावळपर्यंत
बसच्या सीटवर दोघांच्या मध्ये ठेवून आणला.

नेहेते डॉक्टरांनी दुर्बिणीतून
तांदळाएवढा तुकडा काढला.
आठ दिवसांनी कागदावर गोल काढून दाखवले,
आत गुलाबी दाणे.
“गाठ नाही. मूत्राशयाची भिंत सुजलीय.
पेशी अंगातल्याच, नको तिथं जमल्यात.
लहान पोरात मी दुसऱ्यांदाच पाहतोय.”
“कशाच्यानं झालं मंग?” हिनं विचारलं.
“ठाऊक नाही,” ते म्हणाले.
तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

स्टेरॉइडनं गाल भरताच्या वांग्यासारखे,
भूक अशी की कळण्याच्या दोन भाकरी
आणि वर ठेच्यासाठी भांडण.

काल रात्रभर वही कोरी.
मी मात्र तासातासाला
तिच्या अंथरुणाशी जाऊन आलो.
पाचला: एकशे नव्वद. स्वच्छ.

आज डेअरीवर
पहिल्याच किटलीचं माप चुकलं.