चार किलोबाइट

जहाजावर इंटरनेट मोजून मिळतं.
कार्डावरचा नंबर नखाने खरवडायचा,
महिन्याला अडीचशे एमबी.
व्हिडिओ कॉल लावला तर नेनिताचा चेहरा
हनुवटीपासून चौकोनी होत जातो
आणि ‘जेवलास का’ मधला ‘का’ पोचेपर्यंत
कार्ड संपतं.

म्हणून शेकिनाने हे पान केलं.
पांढरंफटक. तीन स्लायडर,
लाल, हिरवा, निळा,
शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत.
“पप्पा, अख्ख्या पानाचं वजन चार किलोबाइट.
कुठल्याही समुद्रातून उघडेल.”

ओटोनला, आमच्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीला
तिने चौफेर पट्टी चिकटवलीय, नव्वद दिव्यांची.
मी पाहिलेली नाही. मी निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात लावली.
बिस्किटाएवढा बोर्ड आइस्क्रीमच्या डब्यात आहे म्हणे,
ज्या डब्यात आमच्या घरी
सुक्या मासळीशिवाय कधी काही निघालं नाही.

मी इंजिनातला ऑइलर.
पंप, व्हॉल्व्ह आणि गळती, एवढंच शिक्षण.
तिने सांगितलं ते मी पाइपांच्या हिशेबाने ऐकलं:
लाल वायर पाच व्होल्टची, पांढरी अर्थिंगची,
हिरवीतून रंग जातात, रांगेने.
पहिला दिवा आपला रंग उचलतो,
बाकीचे पुढच्याला देतो.
तोही आपला घेतो, पुढे सारतो,
असं पार नव्वदाव्यापर्यंत.
म्हटलं, कळलं गं, माझा पगार असाच जातो.
ती हसली नाही.

एकदा सतरावा दिवा मेला.
पुढचे त्र्याहत्तर धडधाकट, तरी अंधारात.
त्यांना द्यायला मध्ये कुणी उरलंच नव्हतं.
तिने कात्रीने तेवढा तुकडा काढला, डाग देऊन जोडला.
बोट भाजलं, हे मला नेनिताकडून कळलं,
आठवड्यानंतर.

आबिजानच्या बाहेर नांगर टाकून आज एकविसावा दिवस.
माझी पाळी बारा ते चार.
चारला वर येतो, केरोसिनने हात पुसतो,
मेसच्या कोपऱ्यात पान उघडतो.
इथे डेकवर पाय भाजतात,
तिथे तेव्हा मध्यरात्र.
पगार झाला की हिरवा.
धक्का मिळाला नाही की पिवळा.
मॉरिटोने आदोबो खारट केला त्या दिवशी जांभळा,
उगाच, कुणाला तरी कळावं म्हणून.

कधी पान उघडतच नाही.
चक्र फिरत राहतं, मी ओळखतो, गावाची वीज गेली.
दुसऱ्या दिवशी तिन्ही स्लायडर शून्यावर.
बोर्डाला काल नसतो.
वीज आली की त्याचा जन्म नवा,
मी पुन्हा पहिल्यापासून रंग सांगतो,
तो पुन्हा मुकाट ऐकतो.

परवा पान उघडलं,
तर स्लायडर मी ठेवले तिथे नव्हते.
लाल बारा.
हिरवा चार.
निळा शून्य.
शेकिनाला विचारलं. ती परीक्षेसाठी
मावशीकडे, शहरात, चार दिवसांपासून.

म्हणजे नेनिता.
जी म्हणते, मला नको दाखवू, माझ्या हाताने बिघडतं.
दोनशे पंचावन्नातले बारा आणि चार:
एवढ्या उजेडात शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा कान टवकारणार नाही.
खिडकीशी अगदी टेकून बसलेल्यालाच
तो निखारा दिसेल.

आधी वाटलं, माझी पाळी लिहिलीय, बारा ते चार.
मग घड्याळाकडे पाहिलं.
तिचे बारा. माझे चार.
निळ्याचं काय, ते कळलं नाही.
निळं इथे पुष्कळ आहे
म्हणून वगळलं असेल,
किंवा अंगठा तिथवर पोचला नसेल.

मी काही हलवलं नाही.
पान बंद केलं, परत उघडलं,
तसंच आहे का तेवढं बघायला.
चार किलोबाइट गेले.