ओल्यातून कोरडं

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर
सात हंगाम काटा धरला मी.
ओल्या मिरचीत व्यापारी घट धरायचा,
घटीत आमची मजुरी जायची.
लाल रंगाचं मला तेव्हापासून काही वाटत नाही.

आता थिएटरच्या कोपऱ्यात
एक लहान काटा, स्वयंपाकघरात असतो तसला.
मॉप येतो. ठेवते. ओल्यातून कोरडं वजा.
आकडा मोठ्यानं सांगते.
निकुंभ मॅडम मान वर करत नाहीत,
पण ऐकतात.

मागच्या होळीला एकीचे बावीस झाले होते.
शेवटचे चार मी मोजलेच नाहीत,
सगळे बाहेर गेल्यावर मोजले.
कुणी विचारलं नव्हतं.

आज सायजाबाई पावरा, धडगावकडची.
घाट उतरून चार तास जीपमध्ये,
हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.
नवरा रक्तपेढीचा कागद घेऊन जिन्यात उभा,
पिशवी मिळेल न मिळेल.

पोरगी रडली. नाळ कापली.
फ्रिजमधलं इंजेक्शन गेलं, आतली पिशवी आवळू लागली.
मग नेरकर सरांनी दोन काचा फोडल्या,
आत पाण्यासारखं काहीतरी.
हळू, दहा मिनिटं, घड्याळ बघत.
मी एकदा विचारलं होतं, हे रक्त गोठवतं का?
नाही म्हणाले. गोठलेलं विरघळू देत नाही.
म्हणजे आमच्या फडावरचा जागल्या, मी म्हटलं.
बांध तो घालत नाही,
रात्री कुणी फोडू नये म्हणून
उशाला काठी घेऊन बसतो.
सर हसले. मी हसले नव्हते.

पहिला मॉप जड. दुसरा जड.
तिसऱ्याला माझा आवाज बारीक झाला.
चौथा ठेवला
आणि काटा बिघडला असं वाटून
उचलून पुन्हा ठेवला.
आकडा तोच.
पाचवा नुसता ओलसर,
दहिवरात पडलेल्या फडक्यासारखा.

जिन्यात तो म्हणाला, "ताई, कितलं रगत गये?"
चारशे साठ सांगून त्याला काय कळणार?
म्हटलं, "थोडंच गये भाऊ. कागद खिशातच ठेव,
उद्यापर्यंत फेकू नको."

औषधानं थांबलं, की तिचं तिनंच थांबवलं,
एका बाईवरून सांगता येत नाही, असं सर म्हणतात.
खरंच असेल.
मी काटा पुसला.
तरी शून्यावर यायला
त्यानं जरा वेळ घेतला.