चार सेफ्टी पिना

सायकल हेमांगी अहिररावची, तिच्याआधी तिच्या भावाची.
निळा रंग खरवडला की खालून लाल निघायचा,
आणि सीटचा दांडा ढिला.
पप्पांनी अंबडला सेकंड शिफ्ट संपल्यावर
लेथवर एक बुश काढला,
घरी येऊन खिशातून दिला, फुटाणे द्यावेत तसा.
म्हणाले, अर्ध्या सुताचा फरक होता, आता हलणार नाही.
शर्यतीचं काही विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात तीनदा पडले,
तिन्ही वेळा उभ्या सायकलवरून.
बुटाची क्लीट पेडलमध्ये बसते खटकन,
सोडवायला टाच बाहेर वळवायची
हे डोक्याला कळलेलं, टाचेला नाही.
जेहान सर्कलच्या सिग्नलला
एका पोहेवाल्याने उचलून उभं केलं.
चालू होती तेव्हा नाही पडलीस,
थांबलीस आणि पडलीस?
मी हो म्हणाले.
दुसरं काय म्हणणार.

मग डिसेंबर. पहाटे साडेपाच, गंगापूर रोड,
द्राक्षबागांत ब्लोअर सुरू, गंधक घशात,
बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते बघून ठरवायचं.
दिघोळे सर मोपेडवरून ओरडायचे:
पुढच्याच्या चाकापासून एक वीत!
मागे बघायचं नाही, उगाच ब्रेक मारायचा नाही,
आत्ता वारा त्याला खाऊ दे,
मग तू पुढे जा, तू खा.

महिनाभर मी तबरेझचं मागचं टायर पाहिलं.
त्यावर डाव्या बाजूला एक चीर आहे,
तिच्यात एक बारीक काच, चुकली नाही कधी.
कॅन्टीनमध्ये तो समोर येऊन बसला
तर मी ओळखलं नाही.

कॉलेजच्या जिन्यात पाणी सांडलेलं दिसलं
तेव्हा आपोआप हात खाली गेला,
खड्डा, मागच्यांनो, खड्डा.
मागे केमिस्ट्रीच्या मॅडम होत्या.

शर्यतीच्या दिवशी नंबर मिळाला सत्तेचाळीस.
आईने निऱ्यांच्या, पदराच्या मिळून चार पिना काढल्या,
श्वास धर म्हणाली, टोचेल,
आणि टोचलीच एक.

हरसूलहून सुटलो एकतीस जणी.
चेनींचा आवाज एकत्र,
कुणी मोठ्या सुपात तांदूळ पाखडतंय तसा.
आतमध्ये वारा नव्हता. खरंच नव्हता.
मला वाटलं हे जमतंय.

मग वाघेऱ्याचा घाट लागला.
वीतभराचं हातभर झालं,
हातभराचं बैलगाडीएवढं,
मग एक एसटी मावेल एवढं.
हेमांगीने मागे बघितलं, एकदा,
जे बघायचं नसतं.
नंतर नाही बघितलं.

आता वारा सगळा माझ्या वाटणीचा.
सगळ्यात लहान गिअर कधीच संपला होता
आणि मी तरी बोटाने तो शोधत होते.
शेजारून एक बाई चालत होती, डोक्यावर मोळी,
बराच वेळ आम्ही दोघी बरोबरीने.
कुठवर जायाचं?
वरपर्यंत.
मलाबी.
मग ती पायवाटेने आत घुसली
आणि पुढच्या वळणावर माझ्याआधी पोहोचली.
मोळी खाली ठेवून बसली होती,
हसली नाही. चल म्हणाली.

माथ्यावर सरांनी दोरी गुंडाळली होती,
स्टॉपवॉच नव्हतं बंद केलं.
त्यांनी वेळ वाचून दाखवली, मला ऐकू आली नाही,
कानात नुसतं रक्त.
मी टाच बाहेर वळवली.
खटकन सुटली.
पाय जमिनीवर, सायकल उभी, मी उभी.
हे कुणी लिहून घेतलं नाही.

रात्री आईने जर्सी भिजवण्याआधी पिना काढल्या,
तीनच निघाल्या.
एक कुठे पाडलीस?
घाटात कुठेतरी.
कितवी आलीस ते तिने नंतर विचारलं,
मी एकतिसावी म्हणाले.
पप्पा जेवत होते.
घास तोंडाशी नेता नेता म्हणाले,
दांडा हलला का?
नाही.
मग जानेवारीत कधी आहे पुढची?
आई दोऱ्याचा डबा घेऊन आली,
काळा दोरा बरा, म्हणाली, घामाने सुटत नाही.